दारामागे काय आहे हे ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला घाबरवायचं कसं?

प्रश्न असा आला आहे: "जुन्या गाजलेल्या भयपटांचे नवे रिमेक बहुतेक फुसके का निघतात? पैसा, तंत्र, नट सगळं वरचढ असूनही भीती का वाटत नाही? बघण्यासारखे कोणते, आणि मूळ आधी बघावा की नवा?"

मी संकलक आहे. मुंबईत हिंदी-मराठीत काम करतो. भुताखेतांचे सिनेमे आणि मालिका माझ्या वाट्याला बऱ्यापैकी आल्या, त्यात रिमेकही होते. तेव्हा हे उत्तर समीक्षकाचं नाही, एडिटवर बसणाऱ्याचं आहे. जरा लांबेल. वाटेत काही जुन्या सिनेमांची गुपितंही फुटतील. 'सायको' अजून पाहिला नसेल तर तेवढा भाग सोडून पुढे जा.

"फुसके निघतात" हे मला अर्धंच मान्य आहे. जॉन कारपेंटरचा 'द थिंग' (1982), डेव्हिड क्रोननबर्गचा 'द फ्लाय' (1986) आणि फिलिप कॉफमनचा 'इन्व्हेजन ऑफ द बॉडी स्नॅचर्स' (1978) हे तिन्ही रिमेक आहेत, आणि चांगल्या भयपटांची कुठलीही यादी त्यांच्याशिवाय पुरी होत नाही. गंमत अशी की जमलेला रिमेक लोक रिमेक म्हणून लक्षातच ठेवत नाहीत. 1958चा मूळ 'द फ्लाय' तुमच्या ओळखीत किती जणांनी पाहिलाय? फसलेल्याच्या कपाळावर मात्र तो शिक्का कायमचा बसतो.

तरी फसणारे जास्त, हे खरं. मूळ भयपट करणाऱ्याला एक गोष्ट फुकटात मिळालेली असते: दारामागे काय आहे हे प्रेक्षकाला माहीत नसतं. रिमेक करणाऱ्याकडे नेमकी तीच नसते. ज्यानं मूळ सिनेमा पाहिलेला नाही त्यालासुद्धा न्हाणीघरातला सुरा आणि टीव्हीतून बाहेर येणारी केस मोकळे सोडलेली पोरगी ठाऊक असते. मीम, विडंबनं आणि जाहिरातींनी ती घरोघर पोचवली आहेत. या ठाऊक असण्याचं करायचं काय, याचं उत्तर ज्याला सापडतं त्याचा रिमेक उभा राहतो. ज्याला हा प्रश्नच पडत नाही, तो मिक्सिंगला बसून आवाज वाढवतो.

हिचकॉकनं 1960 साली 'सायको'च्या वेळी प्रेक्षकाचं हे अज्ञान कसं जपलं बघा. सिनेमा सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडायचं नाही, असा त्यानं थिएटरवाल्यांना नियमच घालून दिला. कारण पोस्टरवरची मोठी नटी, जॅनेट ली, पाऊण तासाच्या आसपास मरते. उशिरा आलेला माणूस उरलेला सिनेमाभर तिचीच वाट बघत बसला असता. आता खुनानंतरचा प्रसंग आठवा. मोटेल चालवणारा पोरगा नॉर्मन न्हाणीघर पुसून काढतो, प्रेत पडद्यात गुंडाळून गाडीच्या डिकीत टाकतो, गाडी दलदलीत ढकलतो. गाडी बुडायला लागते आणि अर्धवट बुडून थांबते. नॉर्मन चपापून इकडेतिकडे बघतो. त्या काही सेकंदांत प्रेक्षक मनातल्या मनात काय म्हणतो? "बुड गं बाई, बुड!" जिच्यासाठी इतका वेळ जीव टांगणीला लागला होता तिचं प्रेत त्या डिकीत आहे, आणि आपण मात्र पुरावा नाहीसा व्हावा म्हणून श्वास रोखून बसलोय. खून आईनं केला आणि बिचारा पोरगा निस्तरतोय, अशी आपली समजूत असते म्हणून हे घडतं. नॉर्मन झालेला अँथनी पर्किन्स इतका किडकिडीत आणि लाजराबुजरा आहे की शंका घ्यायला जागाच नाही.

1998 मध्ये गस व्हॅन सँटनं हाच सिनेमा जवळजवळ शॉटला शॉट लावून रंगीत केला. कॅमेऱ्यावर ख्रिस्तोफर डॉयलसारखा बडा माणूस. बर्नार्ड हरमनचं तंतुवाद्यांचं मूळ संगीत डॅनी एल्फमननं नव्यानं वाजवून घेतलेलं. नायिका सुरुवातीला जी रक्कम चोरते ती महागाईनुसार 40 हजार डॉलरवरून 4 लाखांवर नेलेली. पण नॉर्मन कोण आहे हे आता आपण घरूनच शिकून आलेलो असतो, आणि व्हिन्स वॉनचा दणकट देह पहिल्या भेटीपासून तेच सांगत असतो. मग गाडी थांबली काय आणि बुडली काय, आपल्याला त्याचं सोयरसुतक नसतं. शॉट तेच, क्रम तोच, आणि प्रसंग मेलेला. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी हे दोन्ही प्रसंग शेजारी शेजारी लावून दाखवतो. प्रसंगाची लय कटमध्ये असते असं आम्ही संकलक फुशारकीनं सांगतो. त्यातली निम्मी प्रेक्षकाच्या डोक्यात असते, हे यातून कळतं. त्या दृष्टीनं व्हॅन सँटचे उपकारच मानायला हवेत. इतका महागडा प्रयोग एरवी कोणी करून दाखवला नसता. न्हाणीघरातल्या खुनाच्या मध्येच त्यानं वादळी ढगांचे शॉट का घुसवलेत, ते मात्र मला आजतागायत कळलेलं नाही.

याच्या उलट दुसरी तऱ्हा. प्रेक्षकाला बरंच ठाऊक आहे ना, मग त्याला उरलेलंही सांगून टाकू. कारपेंटरच्या 'हॅलोवीन'मध्ये (1978) सहा वर्षांचा मायकल स्वतःच्या बहिणीला सुऱ्यानं मारतो आणि का मारतो ते अखेरपर्यंत कोणी सांगत नाही. तोंडावरचा तो मुखवटाही बाजारात मिळणारा, 'स्टार ट्रेक'च्या कॅप्टन कर्कचा, पांढरा रंग फासलेला. चेहरा आहे पण भाव नाही, आणि सगळी दहशत तेवढ्यावर. रॉब झॉम्बीनं 2007च्या रिमेकमध्ये मायकलला बालपण दिलं: घरातली शिवीगाळ, शाळेतली दादागिरी, प्राण्यांना मारणं. एकेक कारण हातात पडत जातं तसा मायकल समजायला लागतो, आणि समजलेल्या माणसाची फार तर कीव येते.

'द हाँटिंग'चं उदाहरण तर आमच्या धंद्यातल्या माणसाला झोंबणारं आहे. 1963चा मूळ सिनेमा रॉबर्ट वाइजचा, म्हणजे ज्यानं 'सिटिझन केन' संकलित केला त्या माणसाचा. शर्ली जॅक्सनच्या कादंबरीवरच्या या अख्ख्या सिनेमात भूत एकदाही दिसत नाही. दोघी जणी रात्री एकमेकींना बिलगून बसल्यात. बाहेर बोळात लांबून धपधप आवाज येतो, दारादारावर काहीतरी आपटत जवळ येतं, यांच्या दाराशी येऊन थांबतं. कॅमेरा दार न्याहाळतो. मूठ हळूच फिरते. बस्स. पुढे एका प्रसंगात दिवाणखान्याचं जाडजूड लाकडी दार छाती फुगावी तसं आत फुगतं, आणि ती करामतही पलीकडून दार रेटून केलेली आहे. वाइजला कळलं होतं की दार उघडलं की हिशोब संपला. 1999 मध्ये यान द बाँटनं हा सिनेमा केला तेव्हा कॉम्प्युटर ग्राफिक्स नुकतं हाताशी आलेलं होतं. मग कोरीव मूर्ती डोळे फिरवायला लागल्या, पडदे-चादरींत पोरांचे चेहरे उमटले, शेवटी भलं थोरलं भूत गरजत समोर आलं. लियाम नीसन आहे, कॅथरीन झीटा-जोन्स आहे, हवेली तर डोळे दिपवणारी आहे. भीती कुठेही नाही.

आता जमलेल्यांकडे येतो. माझा जीव खरा यांच्यात आहे.

कारपेंटर लहानपणापासून 1951च्या 'द थिंग फ्रॉम अनदर वर्ल्ड'चा चाहता. इतका की त्याच्या 'हॅलोवीन'मध्ये पोरं टीव्हीवर तोच सिनेमा बघत बसलेली दिसतात. तरी स्वतः करायची वेळ आली तेव्हा त्यानं तो सिनेमा बाजूला ठेवला आणि ज्या गोष्टीवर तो बेतला होता ती, जॉन डब्ल्यू. कॅम्पबेलची 1938ची दीर्घकथा, हातात घेतली. 1951च्या सिनेमात परग्रहावरचा राक्षस म्हणजे एक उंच, दांडगा माणूससदृश प्राणी होता. कथेतला प्राणी कोणाचंही हुबेहूब रूप घेतो. कारपेंटरनं तो परत आणला आणि प्रेक्षकाच्या माहितीचा प्रश्न एका फटक्यात निकालात काढला. राक्षस आहे हे तुम्हाला ठाऊक आहे ना? बरं. मग या बारा जणांत कोण, ते सांगा.

त्यातला रक्ताच्या चाचणीचा प्रसंग मी किती वेळा फ्रेम फ्रेम पुढे सरकवत पाहिलाय त्याला मोजदाद नाही. अंटार्क्टिकावरचा तळ, बाहेर वादळ, आत कोणाचाच कोणावर विश्वास नाही. कर्ट रसेलनं उरलेल्यांना बांधून बसवलंय. प्रत्येकाचं रक्त एकेका काचेच्या बशीत. तांब्याची तार ज्वालेवर लाल करायची आणि रक्तात बुडवायची. माणसाचं रक्त नुसतं चरचरेल, त्या प्राण्याचं रक्त जीव वाचवायला पळेल. पहिली बशी: चर्र. दुसरी, स्वतः रसेलची: चर्र. मग मेलेल्या दोघांची: चर्र, चर्र. आपल्या कानाला त्या आवाजाची सवय होते. एव्हाना संशय गॅरीवर पक्का झालाय. तो चिडून म्हणतो की या चाचणीनं काही सिद्ध होत नाही, आणि रसेल त्याच्याकडे बघत सांगतो की तुझी सगळ्यात शेवटी घेऊ. आपण गॅरीकडे बघतो. रसेल बोलता बोलता, फारसं लक्ष न देता, पामरच्या बशीत तार घालतो. आणि रक्त किंचाळत उडतं. संवाद चालू असताना, कोणीही तिकडे बघत नसताना. कुठलाही इशारा नाही, संगीताची चढण नाही. जादूगार एका हातावर नजर खिळवून दुसऱ्या हातानं काम करतो तसं हे आहे, आणि दहाव्यांदा बघताना पामर कोण ते ठाऊक असूनही माझे खांदे वर जातात.

तेव्हा हा सिनेमा पडला, हेही सांगायला हवं. 25 जून 1982 ला आला, स्पीलबर्गचा गोड परग्रहवासी 'ई.टी.' दोन आठवडे आधीच थिएटरांत येऊन बसला होता. समीक्षकांनी घाणेरडा म्हणून झोडपलं. रॉब बोटीन नावाच्या विशीतल्या पोरानं रबर, यंत्रं आणि चिकट द्रव यांतून केलेली ती रूपांतरं आज या कलेचा मापदंड मानली जातात. 2011 मध्ये याच नावानं त्याची पूर्वकथा आली, नॉर्वेच्या तळावरची. तिच्यासाठीही कारागिरांनी प्रत्यक्षातले प्राणी घडवले होते, पण नंतर त्यातल्या बऱ्याच कामावर कॉम्प्युटर ग्राफिक्स चढवण्यात आलं. त्यात दातांतल्या भरणावरून माणूस ओळखायची युक्ती झकास आहे, तेवढं श्रेय देतो. बाकी त्या तळावर शेवटी काय उरतं हे आधीच्या सिनेमात पाहून झालेलं असतं, आणि या सिनेमाकडे त्यावर काही तोड नाही.

कॉफमनच्या 'बॉडी स्नॅचर्स'नं प्रेक्षकाच्या आठवणीचाच डाव टाकला. 1956चा डॉन सीगलचा मूळ सिनेमा छोट्या गावातला: शेंगांतून उगवलेली माणसं खऱ्या माणसांची जागा घेतात, दिसायला तीच, आत भावना नाहीत. त्यात केव्हिन मॅकार्थी महामार्गावर गाड्यांमध्ये धावत ओरडतो की पुढचा नंबर तुमचा. बावीस वर्षांनी सॅन फ्रान्सिस्कोत डोनाल्ड सदरलँडच्या गाडीवर एक म्हातारा येऊन आदळतो आणि तेच ओरडतो. तो मॅकार्थीच. म्हणजे तो अजून धावतोच आहे, आणि गावात सुरू झालेलं आता शहरात पोचलंय. मूळ दिग्दर्शक सीगलही यात टॅक्सी ड्रायव्हर म्हणून आहे. त्याच्या टॅक्सीत बसणाऱ्यांचं पुढे काय होतं ते तुम्हीच बघा. हौसेचे पाहुणे कलाकार तर हल्ली प्रत्येक रिमेकमध्ये असतात. इथे त्या पाहुण्यांनी कथा पुढे नेली आहे.

दुसऱ्यांदा बघाल तेव्हा मागची पार्श्वभूमी बघा. रस्त्यावर कचऱ्याच्या गाड्या सतत राखाडी कापसासारखं काहीतरी दाबून भरत असतात. कोणी त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. ते काय आहे हे कळतं तेव्हा पोटात खड्डा पडतो. आणि त्या माणसांची किंकाळी! 'स्टार वॉर्स'चा ध्वनी करणाऱ्या बेन बर्टनं ती डुकराच्या आवाजातून घडवलीय. शेवटचा शॉट सांगणार नाही.

'द फ्लाय'बद्दल थोडक्यात. 1958च्या सिनेमात शास्त्रज्ञाच्या डोक्यावरचं कापड कधी निघतं यावर सगळा खेळ होता. क्रोननबर्गनं ते कापडच फेकून दिलं. जेफ गोल्डब्लमच्या यंत्रात माशी शिरली हे आपल्याला त्याच्याआधी कळतं, आणि मग आपण घरातला माणूस असाध्य दुखण्यानं हळूहळू जाताना बघावा तसं बघत राहतो. गळून पडलेले अवयव तो आरशामागच्या औषधांच्या कपाटात जपून ठेवतो, थट्टेनं त्याला संग्रहालय म्हणतो. मी हा प्रसंग जेवताना कधीच लावत नाही. ख्रिस वालसच्या मेकअपला ऑस्कर मिळालं. निर्माता विनोदाचा बादशहा मेल ब्रुक्स, आणि लोक हसायच्या तयारीनं येतील म्हणून त्यानं आपलं नाव पुढे येऊ दिलं नाही.

अलीकडचा एकच निवडायचा तर ली व्हॅनेलचा 'द इनव्हिजिबल मॅन' (2020). 1933च्या जेम्स व्हेलच्या सिनेमात पट्ट्या सोडवल्या की आत कोणी नाही, नुसता सदरा हवेत नाचतोय, याचीच लोकांना नवलाई होती. आज ती करामत कोणीही मोबाइलवर करतो. म्हणून व्हॅनेलनं गोष्ट अदृश्य माणसाकडून काढून त्याच्या छळाला कंटाळून पळालेल्या बाईला दिली. तो खोलीत आहे हे आपल्याला नावावरूनच ठाऊक. तिच्या भोवतालच्या एकाही माणसाला पटत नाही. कॅमेरा एलिझाबेथ मॉसला सोडून संथपणे रिकाम्या बोळाकडे वळतो, तिथे रेंगाळतो, परत येतो. तिथे काही नाही. किंवा आहे. असा शॉट आमच्याकडे ठेवून बघा, पहिल्याच स्क्रीनिंगला विचारणा होते: "इथे काय दाखवलंय? ट्रिम कर ना." सुमारे 70 लाख डॉलरमध्ये झालेल्या या सिनेमानं जगभरात 13 कोटींच्या वर धंदा केला, आणि त्यातला बराच भाग रिकाम्या भिंतींचा आहे.

आता थोडं एडिट रूममधलं, कारण तुमच्या प्रश्नातल्या "भीती का वाटत नाही"चं निम्मं उत्तर तिथे आहे. 1942च्या 'कॅट पीपल'मध्ये एक मुलगी रात्री बागेच्या कडेनं चाललीय, मागे दुसरीच्या टाचांचा आवाज. टाचांचा आवाज बंद होतो. ही घाबरून पळत सुटते. शांतता. आणि फस्स असा कानठळ्या बसवणारा आवाज: बस येऊन थांबलीय, तिच्या ब्रेकचा. संकलक मार्क रॉबसन. भूत नाही, मांजर नाही, बस. पुढच्या ऐंशी वर्षांचे सगळे जंप स्केअर, म्हणजे अचानक दचकवणारे ठोके, या एका बसमधून उतरलेत.

अडचण अशी की प्रेक्षकाला आता सिनेमाच नाही, ही पद्धतही पाठ झालीय. बॅकग्राउंड काढलं, रातकिडे बंद केले, पात्र आरशासमोर वाकलं की मागच्या रांगेतली पोरगी कानात बोटं घालते. तिनं बोटं घातली की माझा कट वाया. रिमेकमध्ये हे दुप्पट होतं, कारण कुठला प्रसंग येतोय हेही तिला माहीत असतं. यावर नेहमीचा उपाय म्हणजे आणखी मोठा ठोका. "इथे एक जंप टाका" ही सूचना मी इतक्यांदा ऐकलीय की टेम्प ट्रॅकमध्ये, म्हणजे संकलनापुरत्या लावलेल्या तात्पुरत्या संगीतात, दोन-तीन ठोके वेगळे काढूनच ठेवतो. माझा स्वतःचा उपाय साधा आहे. शांतता करायचीच नाही. पंखा चालू, फ्रिजची घरघर चालू, कोणीतरी भाजीबद्दल बोलतंय, आणि वाक्य पुरं व्हायच्या चार-सहा फ्रेम आधी काय ते घडवायचं. कारपेंटरनं पामरच्या बशीत हेच केलं होतं. दर वेळी पास होत नाही. मिक्सला कोणीतरी फ्रिज म्यूट करतोच.

एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाणारे रिमेक मी या सगळ्यातून वेगळे काढतो, कारण तिथला प्रेक्षक कोरा असू शकतो. हिदेओ नाकाताचा जपानी 'रिंगू' (1998) आणि गोर व्हर्बिन्स्कीचा अमेरिकन 'द रिंग' (2002) बघा. टीव्हीतून बाहेर येणाऱ्या जपानी सादाकोची ती अघोरी चाल नटीला उलट पावलांनी चालवून, मग फिल्म उलटी फिरवून मिळवलेली आहे. बिनखर्ची आणि आजही अंगावर येणारी. अमेरिकन समारा सिग्नल बिघडल्यासारखी फडफडत येते. मला पहिली जास्त भिववते, पण दुसरीही जमलीय, कारण 2002च्या अमेरिकन प्रेक्षकानं पहिली पाहिलेलीच नव्हती. 'द ग्रज'साठी (2004) तर मूळ दिग्दर्शक ताकाशी शिमिझूलाच बोलावलं, त्यातलं भूत कायाकोही मूळचीच नटी, ताकाको फुजी. त्यानंतर मात्र जपानी भयपटांच्या अमेरिकन नकलांची जी रांग लागली, तिच्यातलं फारसं काही जपून ठेवावं असं नाही.

आपल्याकडचा सगळ्यात हुशार नमुना म्हणजे फाझिलचा मल्याळी 'मणिचित्रताळ' (1993). केरळच्या वाड्यात कोंडलेली नर्तिका नागवल्ली तमिळ बोलते, आणि शोभनाच्या तोंडून घरात अचानक ती शेजारची भाषा ऐकू आली की थरकाप होतो. तो सिनेमा कन्नडमध्ये 'आप्तमित्र' (2004) आणि तमिळमध्ये 'चंद्रमुखी' (2005) झाला तेव्हा तमिळ नर्तिका चालणार नव्हती, म्हणून ती तेलुगू बोलायला लागली. प्रियदर्शननं 'भूलभुलैया' (2007) उत्तर भारतातल्या हवेलीत नेला आणि मंजुलिका बंगाली झाली. घरात परकं कोण वाटेल, हा प्रश्न प्रत्येकानं आपापल्या ठिकाणी नव्यानं सोडवला. प्रियदर्शन स्वतः मूळ सिनेमाच्या दुसऱ्या युनिटवर होता, त्याला यंत्र आतून माहीत होतं.

मराठीत विशाल फुरियानं आपल्याच 'लपाछपी'चा हिंदीत 'छोरी' (2021) केला. उसाचा फड, गरोदर बाई, प्रेमळ दिसणारी म्हातारी, सांगाडा तोच. हिंदी प्रेक्षकाला तो नवाच होता, त्याच्यावर परिणामही झाला. मी 'लपाछपी' आधी पाहिलेला असल्यामुळे 'छोरी' बघताना उषा नाईकांचे ते थंड, आर्जवी बोल कानात वाजत राहिले आणि नवी म्हातारी मला काही पकडू शकली नाही. आता सबटायटल लावून सगळेच सगळं बघतात, त्यामुळे कोरा प्रेक्षक वर्षागणिक कमी होणार. 2024चा 'शैतान' आला तेव्हा तो ज्याचा रिमेक आहे तो 2023चा गुजराती 'वश' माझ्या आसपासच्या कितीतरी जणांनी आधीच बघून ठेवलेला होता.

आणि तात्या विंचू! अमेरिकेत 1988 साली 'चाइल्ड्स प्ले'मध्ये खुन्याचा आत्मा बाहुल्यात शिरला, 1993 मध्ये महेश कोठारेंनी त्याच कल्पनेवर 'झपाटलेला' केला. पण आपल्याकडे बोलक्या बाहुल्याची परंपरा होती, रामदास पाध्ये होते, लक्ष्या होता, दिलीप प्रभावळकर होते, आणि मंत्र तर शाळेच्या मैदानावर पोचला. 2019 मध्ये अमेरिकनांनी आपल्या बाहुल्याचा रिमेक केला, त्यात आत्मा-बित्मा काढून टाकला आणि बिघडलेलं सॉफ्टवेअर घातलं. कल्पना काळाला धरून आहे, मार्क हॅमिलचा आवाजही छान, पण बिघडलेलं यंत्र बंद करता येतं. तात्या विंचू बंद करता येत नाही.

"मग निर्माते करतात तरी का?" याला फार खोल उत्तर नाही. नावाची जाहिरात आयती होते आणि भयपटाला तारे लागत नाहीत. 2003चा 'टेक्सस चेनसॉ मॅसकर' एक कोटी डॉलरच्या आत झाला आणि त्यानं दहा कोटींच्या वर कमावले. पुढची सात-आठ वर्षं दिसेल त्या जुन्या नावाला रंग लावणं चालू होतं. त्यातली मजेची गोष्ट अशी, की 1974च्या मूळ सिनेमाचा आणि या रिमेकचा छायालेखक एकच, डॅनियल पर्ल. पहिल्यात 16 एमएमवरचं उन्हानं करपलेलं, घामट, घरगुती फितीसारखं चित्र. दुसऱ्यात जाहिरातीसारखी देखणी सोनेरी धूळ. पहिलं बघताना आपण हे बघायला नको होतं असं वाटतं.

आता क्रम. 'बॉडी स्नॅचर्स' 1956चा आधी, मगच 1978चा, यात तडजोड नाही. 'द थिंग' थेट 1982चा लावा, 1951चा नंतर कुतूहल म्हणून. 'द फ्लाय'चंही तेच. 'रिंगू' जपानीच आधी. 'द हाँटिंग' 1963चा हेडफोन लावून, रात्री. 1999चा बघायची गरज नाही. 'सायको' दोन्ही बघा, पण मध्ये आठवडाभर जाऊ द्या.

'नॉस्फेरातू' तीन आहेत. 1922च्या मुर्नाऊनं 'ड्रॅक्युला' परवानगीशिवाय उचलला, लेखकाच्या विधवेनं खटला भरला, कोर्टानं प्रती नष्ट करायला सांगितल्या, तरी काही वाचल्या. सूर्यप्रकाशानं पिशाच मरतं ही कल्पनाही त्याचीच. स्टोकरचा ड्रॅक्युला दिवसा हिंडतो. हर्झोगचा 1979चा आणि रॉबर्ट एगर्सचा 2024चा हे दोन्ही मूळ बघितल्यावर जास्त कळतात. एगर्सनं सुरुवातीलाच नायिका एलनचं त्या पिशाचाशी असलेलं नातं उघड करून टाकलंय, म्हणजे तो येणार का हा प्रश्नच उरत नाही, ती काय करणार एवढाच उरतो.

'सस्पिरिया' शेवटी ठेवा. आर्जेंटोचा 1977चा म्हणजे गडद लाल-निळा रंग आणि गॉब्लिनचं कान किटवणारं संगीत. तो मोबाइलवर बघू नका, मिळेल तो सगळ्यात मोठा पडदा शोधा. ग्वादाग्निनोचा 2018चा करडा, बर्लिनच्या पावसातला, 152 मिनिटांचा, टिल्डा स्विंटन तीन भूमिकांत आणि त्यातली एक म्हाताऱ्या पुरुषाची. माझ्या ओळखीतले निम्मे लोक त्याला रटाळ म्हणतात. मी म्हणत नाही, पण रात्री अकराला सुरू करायचा सिनेमा तो नव्हे.